गाडीच्या एसीतून कुबट वास येतोय? ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

उत्तरं वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कुबट वास हा मुळात साचलेल्या पाण्याचा प्रश्न आहे. पाणी कुठे अडलंय ते सापडलं नाही तर एसी साफ करायचा फोम, अत्तर, हवा गाळणारा नवा फिल्टर सगळं करूनही महिन्याभरात वास परत येतो. म्हणून आधी पाणी, मग फिल्टर, मग कॉइल आणि शेवटी सवयी, हा क्रम मोडू नका.

एसी चालू केल्या केल्या न वाळलेल्या कपड्यांसारखा वास येतो आणि दोन मिनिटांत जातो. हे नक्की काय आहे?

डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत डाव्या सीटच्या समोर, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांची एक कॉइल असते. तिचं नाव इव्हॅपोरेटर, गॅरेजमध्ये तिला कूलिंग कॉइल म्हणतात. एसी चालू असताना तिचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या थोडाच वर असतो. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसं दमट हवेतलं पाणी या कॉइलवर जमतं, खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि रबरी नळीतून रस्त्यावर ठिबकतं.

गाडी बंद केल्यावर कॉइल ओलीच राहते. आत काळोख असतो, इंजिनाची ऊब असते आणि पात्यांत अडकलेली धूळ, परागकण, कपड्यांचे तंतू असतात. बुरशीला आणि जिवाणूंना एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फिरला की त्या बंद खोक्यातली हवा एकदम तोंडावर येते. कॉइल पुन्हा पाण्याने माखली की वास त्या पाण्याखाली दबतो आणि सिग्नलला कॉम्प्रेसर थांबून कॉइल थोडी सुकायला लागली की परत डोकावतो. तेव्हा वास दोन मिनिटांत गेला म्हणजे बुरशी गेली, असं मुळीच समजू नका.

हा त्रास आमच्याकडेच इतका का?

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बाजूला खाडी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. अशा हवेत कॉइल आपली आपण सुकतच नाही. त्यात फेऱ्या लहान: पाचपाखाडीतून ठाणे स्टेशन किंवा सानपाड्यातून वाशीचा बाजार, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. कॉइल ओली होते आणि लगेच गाडी बंद होते. नंतर गाडी बेसमेंटमध्ये किंवा पोडियमखाली उभी राहते, तिथे ऊन नाही की वारा नाही. घोडबंदर रोडवरच्या कामांची धूळ आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रकांची काजळी फिल्टरवर बसते. ओल आणि खाद्य, दोन्ही इथे भरपूर मिळतं.

वास एसीतूनच येतोय की दुसरीकडून, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तीन चाचण्या पुरतात. त्या सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा.

पहिली: दार उघडून, काहीही चालू न करता आत डोकं घाला. आताच वास आला तर संशय कार्पेटवर, सीटवर किंवा डिकीवर. एसी बिचारा निर्दोष असू शकतो.

दुसरी: चावी फिरवा, एसीचं बटण बंद ठेवून फक्त ब्लोअर पूर्ण वेगाने सोडा आणि जाळीजवळ नाक न्या. पहिल्या पाच-दहा सेकंदांत वासाचा झोत आला तर कॉइल किंवा फिल्टर. यातलं कोणतं, हे कळायला फिल्टर काढून पुन्हा ब्लोअर लावा. वास तितकाच राहिला तर कॉइल. निम्म्याहून कमी झाला तर फिल्टरनेच घाण धरलेली आहे.

तिसरी: चारही मॅट उचलून कार्पेटवर घडी घातलेला टिश्यू पेपर ठेवा आणि तळहाताने जोर देऊन दहा सेकंद दाबा. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण खालच्या नमद्यात लिटरभर पाणी मुरलेलं असू शकतं. कागद ओला झाला तर आधी पाण्याचा स्रोत शोधा. फक्त डावीकडे पुढे ओल असेल तर एसीची ड्रेन नळी. उजवीकडे किंवा मागे असेल तर दाराचं रबर, सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या नाहीतर वायपरखालचा भाग.

वासाची जातही ओळखायला शिका. ओलं फडकं, मोजे, आंबूस: कॉइल. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं: हीटर कॉइलमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय, ही गॅरेजची गोष्ट आहे. सडका, पोटात ढवळून येणारा वास: उंदीर मेलेला असण्याची शक्यता जास्त. जळकट वास: वायरिंग किंवा बेल्ट, गाडी थांबवा.

सीएनजीच्या गाडीत सडक्या कांद्या-लसणासारखा वास आला तर तो कुबट वास समजून गाडी चालवत राहू नका. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी टाका, कुठलंही बटण किंवा लायटर नको. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सहज हाताला येत असेल तर बंद करा आणि सीएनजीचं काम करणाऱ्या अधिकृत वर्कशॉपला लांब उभं राहून फोन करा.

पाम बीच रोडवर आणि ऐरोली पुलावरच वास येतो, इतर वेळी नाही. मग?

मग गाडीत दोष नाही. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यातून सडलेल्या अंड्यासारखा वायू सुटतो. तेवढ्या टप्प्यात रीसर्क्युलेशन (बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण) लावा, पुढे गेल्यावर काढा. फिल्टर कार्बनचा असेल तर असा वास थोडा अडतो, पूर्ण नाही.

एसी लावूनही गाडीखाली पाणी ठिबकत नाही. हे चांगलं की वाईट?

पावसाळ्यात वाईट. इथल्या दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटं चालला की गाडीखाली डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे, थेंबांची रांग लागलीच पाहिजे. एसी थंड करतोय पण पाणी बाहेर येत नाही, याचा अर्थ ते आत साठतंय. वळणावर डॅशबोर्डमध्ये पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो किंवा डावीकडे बसलेल्याची चप्पल भिजते. (तपासायला गाडी मोकळ्यावर उभी करा. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं.)

नळी बुजण्याची कारणं ठरलेली आहेत: धुळीचा आणि बुरशीचा बुळबुळीत गोळा, कुंभारमाशीने तोंडाशी बांधलेलं मातीचं घर आणि पावसाळ्याआधी करून घेतलेलं अंडरबॉडी कोटिंग. हे शेवटचं फार वेळा सुटून जातं. कोटिंग फवारताना नळीचं तोंड झाकलं नाही तर काळा थर त्यावर बसतो आणि झाकण लावल्यासारखी नळी बंद होते. कोटिंगनंतर पंधरा दिवसांत वास सुरू झाला असेल तर आधी तिथेच बघा.

नळी साधारण अंगठ्याएवढी जाड, रबराची, खाली वळलेली असते. काही गाड्यांत बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर डावीकडे दिसते, काहींत खालून रॅम्पवरच. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी किंवा लांब केबल टाय हळूहळू आत सरकवा आणि फिरवत बाहेर काढा. लोखंडी तार किंवा छत्रीची काडी घालू नका. कॉइल तिथून फार लांब नसते आणि तिला भोक पडलं तर काही हजारांचं काम निघतं. हवेच्या पाइपने जोरात फुंकणंही नको, नळी आतून निसटते आणि मग सगळं पाणी कार्पेटवर. पंक्चरवाल्याकडची हवा वापरायचीच असेल तर बोटाने दाबून, अगदी हलकी.

बोळा निघाला की अर्धा-एक कप काळपट पाणी भसकन येतं. खाली बादली धरा आणि तोंड बाजूला ठेवा.

वायपरच्या खालची जाळी साफ करायची असते का?

हो, आणि बहुतेकजण ती विसरतात. बाहेरची हवा तिथूनच आत जाते. रेन ट्री, गुलमोहर किंवा पिवळ्या सोनमोहराखाली गाडी उभी राहत असेल तर त्या खोबणीत बारीक पानं कुजून काळं खत तयार होतं आणि त्याचा वास सरळ गाडीत ओढला जातो. पानं हाताने किंवा व्हॅक्यूमने काढा, पाण्याने आत ढकलू नका. नंतर तांब्याभर पाणी हळू ओता, ते दोन्ही बाजूंनी चाकाजवळ खाली उतरलं पाहिजे. तुंबून राहिलं तर निचऱ्याची भोकं बंद आहेत.

केबिन फिल्टर कुठे असतो? स्वतः बदलता येतो का?

आजच्या बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे. बहुतेक हॅचबॅकमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, पाना लागत नाही. ग्लव्ह बॉक्स रिकामा करा. बाजूला हळू उतरण्यासाठीची दोरी किंवा दांडी असेल तर ती सोडवा. दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबून बॉक्स खाली सोडा. मागे आडवं पट्टीसारखं झाकण दिसेल, त्याच्या कडेचे क्लिप दाबले की ते निघतं. फिल्टर सावकाश, सपाट ओढा, नाहीतर वरचा पाला ब्लोअरमध्ये पडतो आणि पंखा खडखडायला लागतो.

फिल्टरच्या कडेवर बाण असतो. तो हवा जाण्याची दिशा दाखवतो. जुना काढतानाच बाण कुठे होता त्याचा फोटो घ्या. उलटा बसवला तर हवा कमी येते. मापही तपासा: बाजारातला एखादा फिल्टर दोन-तीन मिलिमीटरने लहान असतो, बसतो व्यवस्थित पण कडेने धूळ सोडतो, आणि ती धूळ थेट ओल्या कॉइलवर चिकटते.

साधा फिल्टर बहुतेक लहान गाड्यांना दोनशे ते सहाशे रुपयांत मिळतो, कार्बनचा थोडा महाग. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष हा नेहमीचा हिशोब; रोज घोडबंदर किंवा महापे-तुर्भे पट्ट्यात फिरणाऱ्यांनी सहा ते आठ महिने धरावेत. बदलायची सर्वांत चांगली वेळ पावसाळा संपल्यावरची. मे महिन्यात घातलेला नवा फिल्टर चार महिने ओल पितो आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःच वास मारतो. वर्षात दोन बदलणार असाल तर एक मेअखेर, एक ऑक्टोबरात.

कागदी फिल्टर धुऊ नका. धुतल्यावर तंतू सुटतात, घड्या चिकटतात आणि आत राहिलेल्या ओलीवर नवी बुरशी धरते.

काही जुन्या आणि बेस मॉडेलमध्ये फिल्टर बसवलेलाच नसतो, जागा मात्र असते. त्या जागेवरचं प्लॅस्टिक कापून फिल्टर घालता येतो का, हे गाडीनुसार ठरतं. कापताना तुकडे ब्लोअरमध्ये पडतात, त्यामुळे हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

कॉइल साफ करायचा फोम स्वतः कसा मारायचा?

नळी मोकळी आहे, पाणी ठिबकतंय याची खात्री झाल्यावरच. निचरा बंद असताना फोम मारला तर तो पातळ होऊन कार्पेटमध्ये उतरतो आणि एका वासाचे दोन होतात.

लागणाऱ्या वस्तू: गाडीच्या एसीसाठीचा इव्हॅपोरेटर क्लीनर, फोमचा, लांब नळी असलेला, हॅचबॅकला साधारण एक डबा पुरतो. नवा फिल्टर, हातमोजे, मास्क, जुनी वर्तमानपत्रं, टॉर्च.

सकाळी, पाऊस नसताना, गाडी मोकळ्या जागी आणि नाक किंचित वर राहील अशी उभी करा. इंजिन बंद, चावी बाहेर, ब्लोअर बंद. मॅट काढून डावीकडे वर्तमानपत्रं पसरा. फिल्टर काढा आणि त्या खाचेत टॉर्च मारा. इथे एक मिनिट थांबून नीट बघणं महत्त्वाचं आहे. समोर चंदेरी, कंगव्यासारखी पाती दिसली तर तीच कॉइल, फोमची नळी तिथूनच घाला. पण खाली काळा, पिंजऱ्यासारखा गोल पंखा दिसला तर थांबा: तो ब्लोअर आहे, त्याच्या पोटात मोटर आहे, आणि तिथे फोम ओतला तर मोटर जाते. अशा गाडीत फोम दोन वाटांनी जातो: खालून ड्रेन नळीतून वर, किंवा ब्लोअरचा रेझिस्टर (पंख्याचा वेग ठरवणारा भाग) काढून त्या खाचेतून. दुसरी वाट मेकॅनिकच्या हातची. रेझिस्टर गाडी चालवल्या चालवल्या चटका बसेल इतका गरम असतो.

डबा चांगला हलवा. नळी पूर्ण आत घालून कॉइलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकवत, थोडा थोडा फोम सोडा. एकाच जागी डबा रिकामा केला तर एक कोपरा धुतला जातो आणि बाकीची बुरशी जागच्या जागी. डब्यावर दिलेला वेळ थांबा, बहुतेकांचा १० ते २० मिनिटं असतो. या वेळात फोम पाणी होऊन घाण घेऊन खाली उतरतो. गाडीखाली आधी पांढरं, मग चहासारखं तपकिरी पाणी दिसायला लागतं. ते दिसलं म्हणजे काम होतंय. काहीच उतरलं नाही तर नळी पुन्हा तपासा.

नंतर चारही काचा खाली, एसी बंद, बाहेरची हवा चालू ठेवून ब्लोअर सर्वांत कमी वेगावर पाच मिनिटं. जाळीतून फोमचे ठिपके उडू शकतात, म्हणून आधीच कमी वेग. मग वेग वाढवून दहा मिनिटं. शेवटी इंजिन चालू करून एसी दहा मिनिटं लावा. कॉइलवर जमणारं ताजं पाणी उरलेला क्लीनर धुऊन नेतं. हे झाल्यावरच नवा फिल्टर घाला. जुना फिल्टर परत बसवणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणं.

पहिल्या एक-दोन दिवसांत क्लीनरचा वास येतो, तो जातो. कुबट वास आठवड्यात परत आला तर आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा करून बघायला हरकत नाही. तिसऱ्यांदा करू नका, तिथे कारण दुसरं आहे.

सीटजवळ ठेवून सोडायचा धूर-स्प्रेचा डबा, ओझोन मशीन: यांतलं काय चालतं?

आपोआप फवारणारा डबा सोपा आहे: फिल्टर काढून, रीसर्क्युलेशन लावून, ब्लोअर चालू ठेवून, डबा डावीकडे पायाशी ठेवायचा, काचा बंद, माणसं बाहेर. हलक्या वासाला आणि फोमनंतरची देखभाल म्हणून ठीक. चिकटून बसलेली घाण तो काढत नाही. यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो, तेव्हा सिगारेट लांब, आणि उरलेला डबा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका.

ओझोन वास मारतो, घाण जागेवरच सोडतो. शिवाय फुप्फुसांना तो त्रासदायक आहे. करून घेतलाच तर गाडीत कुणी बसलेलं नसावं, आणि नंतर दारं उघडी ठेवून अर्धा तास हवा खेळू द्या. कॉइल न धुता नुसता ओझोन करणाऱ्याला पैसे देऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

डेटॉल, फिनेल, कापूर, डांबरगोळ्या?

वायपरच्या जाळीतून डेटॉल किंवा फिनेल फवारू नका. ते कॉइलपर्यंत नीट पोचत नाही, फिल्टर भिजवतं आणि आठवडाभर गाडी दवाखान्यासारखी वास मारते. ब्लीच अ‍ॅल्युमिनियम खातं. डांबरगोळ्यांची वाफ बंद गाडीत घेणं तब्येतीला वाईट, लहान मुलं बसत असतील तर अजिबात नको. कापूर आणि डॅशबोर्डवरच्या अत्तराच्या बाटल्या वास झाकतात, एवढंच. खाण्याचा सोडा मात्र उपयोगी आहे, पण कार्पेटसाठी: कोरड्या कार्पेटवर भुरभुरायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूम करायचा. कार्पेट ओलं असेल तर त्याचं पीठ होऊन बसतं.

मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, वास जाईल.

नाही जाणार. एसीचा थंडावा देणारा गॅस बंद नळ्यांत फिरतो, केबिनच्या हवेशी त्याचा संबंध नाही. थंडावा कमी झाला असेल तर गॅसचं प्रेशर जरूर तपासा. गाडीत किती गॅस बसतो, त्याचं नेमकं प्रमाण बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. पण थंडावा ठीक असताना, फक्त वासासाठी गॅस काढून भरणं हा वायफळ खर्च आहे.

गॅरेजमध्ये ‘एसी डिसइन्फेक्शन’ सांगितलं. घ्यावं का?

दोन प्रश्न विचारा: नळी कुठून घालणार? आणि फिल्टर काढणार का? ‘फिल्टरच्या खाचेतून’, ‘रेझिस्टरच्या जागेतून’ किंवा ‘ड्रेनमधून’ असं उत्तर आलं तर काम खरं आहे. समोरच्या जाळ्यांत दोन फवारे मारणार असतील तर ते सुगंधाचे पैसे आहेत. त्या जाळ्यांपासून कॉइल बरीच आत, वळणांपलीकडे असते. शक्य असेल तर समोर उभं राहून काम करून घ्या आणि खाली उतरलेलं पाणी बघा.

डॅशबोर्ड उघडून कॉइल बाहेर काढायची वेळ कधी येते?

नळी मोकळी, कार्पेट कोरडं, फिल्टर नवा, फोम दोनदा झाला आणि तरी वास. किंवा पूर्ण वेगावरही हवा मंद येते, म्हणजे पाती मातीने लिंपली गेली आहेत. काही गाड्यांत कॉइल ग्लव्ह बॉक्सच्या बाजूने निघते, काहींत अख्खा डॅशबोर्ड खाली येतो. गॅस मशीनने काढून घ्यावा लागतो, ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) नव्या घालाव्या लागतात, नळ्यांतली हवा खेचून (व्हॅक्यूम करून) मापाने गॅस परत भरावा लागतो. हे काही हजारांचं आणि दिवसभराचं काम आहे. कॉइल जुनी, गळकी असेल तर धुण्यापेक्षा बदलणं शहाणपणाचं. जोडल्यावर क्लिप नीट बसले नाहीत तर डॅशबोर्ड कुरकुरायला लागतो, म्हणून एसीचंच काम करणारा माणूस निवडा.

रोज काय केलं म्हणजे वास धरणार नाही?

उतरण्याआधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि हवा बाहेरची घ्या. सगळीकडे ‘दोन मिनिटं’ सांगतात. आपल्या पावसाळ्यात ते कमी पडतात, पाच ते दहा मिनिटं मिळाली तर कॉइल बऱ्यापैकी सुकते. तीनहात नाक्याला सिग्नल लागला की बटण दाबायचं, घरापर्यंत नुसता पंखा, अशी खूणगाठ बांधून घ्या.

एक धोका सांगायलाच हवा. कॉइलवरचं पाणी त्या वेळी वाफ होऊन केबिनमध्ये येतं आणि काच आतून धुरकटते. मुसळधार पावसात किंवा रात्री महामार्गावर हे करू नका. काच धुरकटायला लागली की लगेच एसी परत लावा. बाहेरचं दिसणं आधी, वास नंतर.

रीसर्क्युलेशन कायमचं लावून ठेवू नका. श्वासाची आणि ओल्या छत्र्यांची वाफ आतच फिरते. मुंब्रा बायपासवर ट्रकांच्या मागे असताना लावा, पंधरा-वीस मिनिटांनी काही मिनिटं काढा.

हीटर पूर्ण लावला तर बुरशी मरते, असं ऐकलं आहे.

हीटरची कॉइल हवेच्या वाटेत कूलिंग कॉइलच्या पुढे असते. म्हणजे बाहेरची हवा घेऊन हीटर लावला तर गरम झालेली हवा कूलिंग कॉइलला शिवतच नाही. रीसर्क्युलेशन लावून, काचा बंद करून हीटर पाच-सात मिनिटं चालवला तर तीच गरम हवा फिरून कॉइलवर येते आणि ती सुकते. मग काचा उघडून वाफ बाहेर जाऊ द्या. एवढ्या उष्णतेने बुरशी मरेल असं नाही, सुकण्यासाठी मात्र उपाय चांगला. एसीचं बटण बंद आहे ना, बघा.

गाडी साचलेल्या पाण्यात उभी होती. सुकवली, तरी वास आहे.

वरचं कार्पेट सुकलं, खालचा नमदा नाही. सीटचे बोल्ट काढून कार्पेट उचलावं लागतं, खाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे ठेवून टेबल फॅन दोन-तीन दिवस सोडावा लागतो. सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात, ते माहीत नसताना ओढू नका. कार्पेटला चिकटून, कडेपर्यंत बसणाऱ्या जाड लेदरच्या सेव्हन डी मॅट घातल्या असतील तर पावसाळ्यात त्या काढून ठेवलेल्या बऱ्या. वरून धुवायला सोप्या, पण खाली गेलेली ओल त्या महिनोन्‌महिने धरून ठेवतात.

उंदीर शिरला असेल तर?

फिल्टरवर कुरतडलेला कागद, लेंड्या, चिंध्या दिसल्या तर ब्लोअर लावू नका. हातमोजे आणि मास्क घाला, घाण जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करून टिपून घ्या, कोरडी झाडू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण असतात आणि तो उंदरांच्या मुतातून पसरतो. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर फोम आणि नवा फिल्टर. जिथे उंदरांचा त्रास आहे तिथे गाडी उभी करताना रीसर्क्युलेशन लावूनच बंद करा, म्हणजे बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेची झडप मिटलेली राहते. चिवड्याचे कण आणि बिस्किटांचा भुगा गाडीत राहू देऊ नका.

या हवेने मुलांना त्रास होतो का?

दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना बुरशीच्या हवेने शिंका, खोकला, धाप वाढू शकते. गाडीत बसलं की खोकला आणि उतरलं की बरं, असं होत असेल तर सफाई लांबवू नका आणि डॉक्टरांना गाडीचंही सांगा. सफाई होईपर्यंत पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून ब्लोअर चालवा, मग मुलांना बसवा.

इलेक्ट्रिक गाडीतही असंच?

कॉइल, पाणी, नळी, फिल्टर सगळं तेच. काही नव्या गाड्यांत, पेट्रोलच्याही, बंद केल्यावर थोड्या वेळाने ब्लोअर आपोआप फिरून कॉइल सुकवण्याची सोय असते. सेटिंगमध्ये ती बंद असेल तर चालू करा. रात्री पार्किंगमध्ये पंख्याचा आवाज आला तर बिघाड समजून घाबरू नका.